तड्याच्या शेजारी

घाबरू नका, मी ऑक्सिजन सेन्सर बोलतोय. घाबरायचं काम आमच्या ट्रकमध्ये माझ्याकडे आहे, तुम्ही निवांत बसून ऐका.

मी अंगठ्याएवढा. पेट्रोलवर चालणाऱ्या एका छोट्या ट्रकच्या पोटात, धुराच्या नळीत तोंड खुपसून मी बसलेला असतो. शेपटीला चार वायरी, त्या वर जाऊन कॉम्प्युटरच्या डब्याला मिळतात. इंजिनातून येणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते हुंगायचं आणि डब्याला कळवायचं, एवढीच माझी नोकरी. ऑक्सिजन फार उरला म्हणजे पेट्रोल कमी पडलं. मी म्हणतो 'कमी', डबा पेट्रोल वाढवतो. ऑक्सिजन उरलाच नाही म्हणजे पेट्रोल जास्त झालं. मी म्हणतो 'जास्त', डबा हात आखडता घेतो. कमी, जास्त, कमी, जास्त, दिवसभर हेच. तिसरा शब्द मला येत नाही, आणि माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ तेच आहे.

माझा जन्म भट्टीतला. पांढऱ्या मातीचं बोटाच्या पेराएवढं टोपण, त्यावर प्लॅटिनमचा पातळ लेप, वरून भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण. कारखान्यात हातमोजे घातलेल्या एका बाईनं मला ज्योतीत धरलं, मग गार हवेत धरलं. मी आधी 'जास्त' ओरडलो, मग 'कमी' ओरडलो. तिनं मान डोलावून मला खोक्यात ठेवलं. माझ्या शेजारचा गप्प राहिला. त्याला तिनं न बघताच मागच्या पिंपात टाकलं आणि तो पडल्याचा टण्ण आवाज मी ऐकला. तेव्हा जी धास्ती बसली ती बसलीच. आमच्यात जो स्थिर बसला तो मेला. मी सारखा थरथरत असतो, पण ती थरथर म्हणजे माझी प्रकृती ठणठणीत असल्याची खूण आहे.

ट्रकमध्ये आम्ही दोघं भाऊ. मी पुढचा, इंजिनाला अगदी खेटून, जिथं धूर भाजून काढतो. दुसरा मागचा, धूर शुद्ध करणाऱ्या डब्याच्या पलीकडे. त्याच्या वाट्याला गाळलेला, शांत धूर येतो, म्हणून स्वभावानंही तो थंड. "अरे, किती घाबरशील!" असं तिथून म्हणायचा. त्याचं काय जातंय म्हणायला!

ट्रक दाजींचा. ते खरे फक्त त्यांच्या मेव्हण्याचे दाजी, पण मेव्हणा शेजारी बसून दिवसभर 'दाजी, दाजी' करायचा, त्यामुळे गोदामातल्या हमालांपासून पेट्रोलपंपापर्यंत सगळेच त्यांना दाजी म्हणायला लागले. मेव्हणा म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. लग्न झालेलं नाही, राहायला बहिणीकडेच. दोघं आलटून पालटून ट्रक चालवायचे, सामान भरायचे, उतरवायचे आणि वाटेत भांडायचे. आवाज लोखंडातून खाली माझ्यापर्यंत यायचे.

"मेव्हणेबुवा, गिअर टाकताय की खुंटा ठोकताय?"

"आणि तुम्ही चालवता तेव्हा मागून सायकलवाला घंटी वाजवतो, त्याचं काय?"

मला हे भांडण फार आवडायचं. त्यात राग औषधालाही नसायचा.

दाजींच्या बायकोला आजूबाजूचे सगळे ताई म्हणायचे. ती घरी मशीनवर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. गॅरेजच्या मिस्त्रींचं कामही तिच्याकडेच असायचं. नवऱ्याला 'अहो' आणि भावाला 'ठोंब्या', अशा तिच्या हाका. दोघांचा उशीर झाला की ती फाटकापाशी येऊन उभी राहायची. ट्रक वळणावर आला की माझ्या कानावर तिचं पहिलं वाक्य यायचं, "आलात एकदाचे!"

थंडी सुरू व्हायच्या सुमारास एके ठिकाणी नळ फुटून रस्त्यात पाणी साचलं होतं. इंजिन चांगलं तापलेलं. ट्रक त्या पाण्यातून गेला, गार फवारा वर उडाला आणि माझ्या शेजारी 'कट्' असा आवाज झाला. वर दाजी आणि मेव्हणा कशावरून तरी हसत होते, त्यांना पत्ताही लागला नाही. इंजिनाच्या अंगाला धूर गोळा करणारा बिडाचा जाड फाटा असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. त्याला तडा गेला होता, केसाएवढा. मी बसतो तिथून वीतभर वर.

तडा मोठा लबाड निघाला. बीड तापलं की फुगतं आणि तडा मिटतो. गार पडलं की उघडतो. सकाळी इंजिन चालू केलं की, किंवा ट्रक बराच वेळ एका जागी घुरघुरत उभा राहिला की, तो आ वासायचा. इंजिनाच्या दर ठोक्याला थोडा धूर बाहेर पडायचा, आणि दोन ठोक्यांच्या मधे बाहेरची ताजी हवा आत शिरायची, ती थेट माझ्या नाकात. ताजी हवा म्हणजे ऑक्सिजनच ऑक्सिजन. मी काय करणार? 'कमी!' म्हणून ओरडायचो. डबा बिचारा माझ्या शब्दावर पेट्रोल ओतायचा. पुन्हा हवा, पुन्हा 'कमी', पुन्हा पेट्रोल. इंजिनाला एवढं पेट्रोल गिळवेना, धूर जड आणि अर्धवट जळका व्हायला लागला. ही हवा इंजिनातून आलेली नाही, चोरवाटेनं आलेली आहे, हे मला चांगलं कळत होतं. पण 'तडा' हा शब्द मला कुणी शिकवलाच नव्हता.

आणि बाहेर पडणारा धूर कुठं जातो, तेही कळत होतं. केबिनमध्ये गरम हवा सोडणारा पंखा बॉनेटच्या मागूनच हवा ओढतो. तड्यातला धूर वर जायचा, पंख्याच्या तोंडाशी घुटमळायचा आणि आत शिरायचा. अर्धवट जळलेल्या धुरात जे विष असतं त्याला रंग नाही, वास नाही. माणसाचं आधी डोकं जड होतं, मग त्याला झोप येते, आणि झोप फार गाढ लागली तर तो उठतच नाही.

पेट्रोल जास्त लागतंय हे दाजींच्या लक्षात आलंच.

"मेव्हणेबुवा, पाय आहे की धोंडा? परवा टाकी भरली अन् आज काटा खाली!"

"माझा पाय? तुम्ही रांगेत हीटर लावून घोरता, तेव्हा काय ट्रक हवेवर चालतो?"

सकाळी इंजिन चालू केलं की टिकटिक यायची. तड्यातून धूर निसटण्याचा आवाज तो. मी मनात म्हणायचो, ऐका रे बाबांनो, ऐका. मेव्हणा कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "दाजी, ट्रकचे दात वाजतायत थंडीनं." दोघं पोट धरून हसायचे. ट्रक तापला की टिकटिक बंद, आणि विषयही बंद.

मग ड्रायव्हरच्या समोर पिवळा दिवा लागला. मी आणि डब्यानं मिळून लावला होता. आम्हाला बोंब मारायची ती एवढीच सोय. त्याचा उजेड डोळ्यांवर येतो अशी दाजींची तक्रार, म्हणून मेव्हण्यानं त्यावर काळी चिकटपट्टी लावली. वर म्हणतो, "घ्या, झाला रिपेअर." माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

सगळ्यांत भीती वाटायची ती गोदामाच्या रांगेची. माल भरायला ट्रक नंबरानं उभे राहतात, आणि नंबर यायला अर्धा दिवस जातो. थंडी कडाक्याची, म्हणून सगळे इंजिन चालू ठेवून, हीटर लावून, काचा बंद करून झोपतात. तिथं एक रीत आहे. झोपलेल्या ड्रायव्हरला नंबर येईपर्यंत कुणी उठवायचं नाही. जागरण करून आलेल्या माणसाची झोप मोडली तर सगळी रांग तुमच्यावर तुटून पडेल. नंबर आला की मागचा ड्रायव्हर उतरतो आणि दारावर थाप मारतो. चांगुलपणाची रीत, नावं ठेवायला जागा नाही. पण आम्ही रांगेत लागलो की बीड गार व्हायचं, तडा उघडायचा आणि वरची थट्टामस्करी हळूहळू मंदावत बंद पडायची. मग मी जीव मुठीत धरून त्या थापेची वाट बघायचो. थाप पडायची. दोघं डोकं धरून उतरायचे, मोकळ्यावर चार पावलं टाकायचे आणि म्हणायचे, जागरणानं होतंय.

थंडी वाढली तशी मेव्हण्यानं कुरकुर लावली, दाराच्या फटीतून वारा लागतो म्हणून. ताईनं लगेच सीटच्या कामातला उरलेला जाड फोम काढला. त्याच्या पट्ट्या कापल्या, त्यावर रेक्झिन शिवलं आणि मेव्हण्याच्या बाजूच्या दाराला चारही कडांनी चिकटवून टाकल्या. कडेनं हात फिरवून बघितला.

"ठोंब्या, आता एक झुळूक आत आली तर मला सांग."

दाजींच्या दारापाशी गेली तेव्हा फोम संपला. "अहो, तुमचं दार पुढच्या आठवड्यात करते हं."

"आधी भाऊ, मग नवरा. चालू द्या," दाजी म्हणाले.

ती हसली, मेव्हणाही हसला. खाली माझ्या अंगावर काटा आला. ताई, फट राहू दे गं, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. तोंडातून निघालं ते 'कमी, कमी', आणि डब्यानं आणखी पेट्रोल ओतलं.

शेवटी पेट्रोल फारच जायला लागलं तेव्हा दाजी ट्रक गॅरेजला घेऊन निघाले. आता सुटका होणार म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं. पण दाजींची सवय मला ठाऊक होती. गॅरेजला न्यायच्या आधी ते ट्रक स्वच्छ धुवायचे, आणि लांबचा फेरा मारून इंजिन झकास तापवायचे. मिस्त्रींसमोर इंजिन अडखळलं तर त्यांना लाज वाटायची. डॉक्टरकडे नेताना आई पोराचं तोंड पुसते, तसलाच प्रकार. आम्ही पोचलो तेव्हा बीड रसरसून तापलेलं आणि तडा जवळजवळ मिटलेला. टिकटिक नावालाही नाही.

मिस्त्री माणूस हुशार, पण घाईचा. त्यांनी ट्रकला स्कॅनर जोडला. पडद्यावर आम्हा दोघा भावांच्या दोन रेघा आल्या. इंजिन जागेवर घुरघुरत राहिलं तसा तडा किलकिला झाला. आवाज येण्याइतका नाही, पण हवा आत घेण्याइतका. माझी रेघ खाली जाऊन पडली. मागच्याची वर.

"हे बघा दाजी," मिस्त्री म्हणाले, "पुढचा म्हणतो पेट्रोल कमी, मागचा म्हणतो जास्त. दोघांतला एक खोटं बोलतोय. पुढचाच. सुस्त पडलाय तो. बदलून टाकू."

"मागच्या, सांग ना रे त्यांना!" मी कळवळून म्हटलं.

"काय सांगू? मला जास्तच दिसतंय," तो म्हणाला. तो तरी कुठं खोटं बोलत होता!

मिस्त्रींनी माझ्या आट्यांवर तेल मारलं आणि पाना लावला. माझी पाचावर धारण बसली. मी गंजून गच्च बसलो होतो, तरी दोनचार हिसक्यांत सुटलो. इतक्या दिवसांनी उजेड पाहिला. मिस्त्रींनी मला उलटं करून बघितलं. सगळा काजळीनं माखलेला.

"बघा, तोंड काळं केलंय गड्यानं." त्यांनी मला टेबलावरच्या भंगाराच्या डब्यात टाकलं. टण्ण.

माझ्या जागी नवा सेन्सर बसला. चकचकीत, बिचारा. वीतभर वर तडा आहे, सांभाळ, असं त्याला सांगायचं होतं. पण सांगून तरी काय, त्यालाही दोनच शब्द येत होते. मिस्त्रींनी स्कॅनरवरून दिवा विझवला. मेव्हण्यानं चिकटपट्टी काढली आणि जाता जाता डब्यात डोकावून मला म्हणाला, "बराय, काळतोंड्या!" मग ट्रक निघून गेला.

गंजक्या नटांमध्ये पडल्या पडल्या आधी मला माझीच भीती वाटली, खोटं कशाला सांगू. भंगारवाला कधी येतो, काय करतो, याचाच विचार. पण दिवस कलला, गॅरेज गार पडायला लागलं आणि माझ्या मनात आलं, आता ट्रकही गार पडत असेल. तडा उघडला असेल. पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. फाटकाशी गाडी थांबली की काळजाचा ठोका चुकायचा. प्रत्येक वेळी दुसरीच कुठलीतरी असायची.

मग एका दुपारी ताई आली. खांद्यावर शिवलेल्या कव्हरांचा गठ्ठा.

"मिस्त्री, रागावू नका हं," गठ्ठा खाली ठेवत ती म्हणाली, "पण तुमचा नवा सेन्सरही तसलाच निघाला. पेट्रोल पहिल्यासारखंच जातंय. दिवा पुन्हा लागला. ठोंब्यानं पुन्हा पट्टी लावली. आमचे हे तुम्हाला सांगायला संकोचतायत."

"नवा खराब? असं कसं होईल?" मिस्त्रींच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काल मी त्यांच्याबरोबर गोदामाला गेले होते. माझं डोकं असं ठणकलं म्हणता! त्या दोघांचं तर रोजचंच झालंय. घरी येऊन मोकळ्यावर बसले की बरं वाटतं. सुट्टीच्या दिवशी काही नाही बघा."

मिस्त्री कव्हर उलगडून बघत होते. त्यांचा हात थांबला.

"सुट्टीच्या दिवशी काहीच नाही?"

"काहीच नाही."

"ताई, सकाळी ट्रक चालू करताना काही आवाज येतो?"

"टिकटिक येते की. ठोंब्या म्हणतो ट्रकचे दात वाजतायत. तापला की थांबते."

मिस्त्री तडक टेबलाकडे वळले. त्यांनी भंगाराच्या डब्यात हात घातला, नट बाजूला सारले आणि मला बाहेर काढलं. शिकंज्यात पकडलं, माझ्या वायरींना मीटरचे चिमटे लावले आणि गॅसची ज्योत पेटवून माझ्या तोंडावर धरली. मी तापलो, लाल झालो आणि 'जास्त!' म्हणून ओरडलो. त्यांनी ज्योत बाजूला घेतली. 'कमी!' पुन्हा ज्योत. 'जास्त!' पुन्हा हवा. 'कमी!' मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो. मीटरचे आकडे वरखाली उड्या मारत होते.

"हा चांगला आहे," मिस्त्री पुटपुटले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "अहो, हा खरं बोलत होता. नवाही खरंच बोलतोय. नळीत कुठून तरी बाहेरची हवा शिरतेय. हवा शिरतेय तिथून धूर बाहेर येत असणार. ताई, ते दोघं कुठंयत आत्ता?"

"गोदामाला. रांगेत."

"काचा बंद करून झोपतात?"

ताई उठून उभी राहिली. तिनं आधी दाजींना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. भावाला लावला. तोही वाजत राहिला. मग गोदामाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला.

"आहेत की, ताई. झोपलेत निवांत. काचा बंद, इंजिन चालू, मला इथून दिसतंय."

"त्यांना उठवा! दार उघडा, गाडीत धूर भरलाय!"

"धूरबीर काही नाही हो. नंबर आला की उठवतील मागचे. आपण कशाला कुणाची झोप मोडायची?"

"अहो, उठवा म्हणते ना मी!"

"बरं बरं, बघतो. फाटकावर गाडी आलीय, एवढी सोडतो." फोन बंद झाला.

मिस्त्रींनी स्कूटर काढली. एव्हाना मी निवलो होतो, शिकंज्यातून सोडवून त्यांनी मला शर्टाच्या खिशात टाकलं. मला कशाला घेतलं, देव जाणे. मागं ताई बसली. वाटभर ती फोन लावत होती आणि प्रत्येक वेळी वाजणारी घंटी मला ऐकू येत होती. खिशाच्या आत मिस्त्रींचं काळीज धडधडत होतं. मला डबा नव्हता, वायरी नुसत्याच लोंबत होत्या, 'कमी' म्हणायचं तरी कुणाला? आयुष्यात मी खूप घाबरलोय, पण ती भीती वेगळी होती.

रांगेत आमचा ट्रक मधोमध उभा होता. इंजिन चालू. काचांवर आतून वाफ. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर पायरीवर बसला होता. आम्हाला बघून त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"अहो ताई, हळू. अजून नंबर यायचाय. झोपू द्या त्यांना. मघाशी पहारेकरी उठवायला आला होता, त्यालाही मीच परत पाठवला. म्हटलं, दमलेत दोघं."

ताईनं दोन्ही मुठींनी दार बडवलं. "अहो! ठोंब्या! अरे, ठोंब्या!" आत काही हललं नाही. मिस्त्रींनी त्याच ड्रायव्हरच्या पायाशी पडलेली लोखंडी टॉमी उचलली आणि काच फोडली. दार उघडताच दाजी बाहेर कलंडले. त्यांच्या दाराला फोम लावायचा राहूनच गेला होता, त्या फटीला त्यांचं तोंड टेकलेलं होतं. श्वास चालू होता, अगदी बारीक. लोकांनी त्यांना जमिनीवर निजवलं, कुणीतरी इंजिन बंद केलं.

मेव्हणा दुसऱ्या बाजूला होता. पांघरुणात गुरफटून, डोकं दाराला टेकून. गाल गुलाबी, जणू आत्ता हसून झोपलाय. मिस्त्रींनी त्याला बाहेर काढलं, छाती दाबली, तोंडानं श्वास दिला, पुन्हा छाती दाबली. ताई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

"ठोंब्या, ऊठ. ऊठ ना रे. नंबर आलाय."

रुग्णवाहिका आली तोपर्यंत ती हेच म्हणत होती. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत उजेड पाडून बघितलं आणि मान हलवली. दाजींना त्यांनी रुग्णवाहिकेत चढवलं. गाडीत चढण्याआधी ताई ट्रकपाशी परत आली. मेव्हण्याच्या बाजूचं दार उघडून तिनं फोमच्या पट्ट्या ओढायला सुरुवात केली. नखांनी, दातांनी, चारही कडांच्या. मागचा ड्रायव्हर हात जोडून उभा होता. त्याच्याकडे बघायची कुणाची हिंमत झाली नाही.

पुढं मिस्त्रींनी ट्रक गॅरेजमध्ये आणून रात्रभर गार होऊ दिला. सकाळी इंजिन चालू केलं. टिकटिक. टॉर्च घेऊन वाकले तर बिडावर काजळीची एक बारीक रेघ. मग त्यांनी नवीन मॅनिफोल्ड बसवलं. ताई ट्रक न्यायला आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तो जुना सेन्सर लावा परत. खरं बोलत होता तो." मिस्त्रींनी मला खिशातून काढलं. मी अजून त्यांच्या खिशातच होतो.

आता ट्रक ताई चालवते. पेट्रोल बेतानं लागतं. मी पुन्हा माझ्या जागी आहे. सकाळी गार इंजिन चालू झालं की मी कान टवकारून बसतो. टिकटिक नाही, हे कळल्याशिवाय माझा जीव भांड्यात पडत नाही. आणि कळल्यावरही फारसा पडत नाही.

तुम्हाला हात जोडून सांगतो. माझ्यासारखे भित्रे तुमच्या गाडीतही बसलेले आहेत. आम्हाला फार बोलता येत नाही. आम्ही ओरडलो की आमचं तोंड दाबू नका, आमच्यावर पट्टी लावू नका, आणि आम्हाला उचलून फेकण्याआधी आम्ही का ओरडतोय ते जरा बघा. बंद गाडीत डोकं दुखलं तर काच खाली करा, इंजिन बंद करा, बाहेर या. तुमचं माणूस आत झोपलेलं असेल तर त्याची झोप मोडा. शिव्या खा, पण मोडा.

दाजी वाचले. पण विष डोक्यात उतरलं होतं. जुनं सगळं त्यांना आठवतं, नवं काही टिकत नाही. त्या दिवसाचं तर काहीच नाही. त्यांना घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून ताई बरोबर घेते. ती तिच्या बाजूची काच खाली करते, त्यांच्या बाजूची खाली करते, कितीही थंडी असली तरी. गोदामाचा रस्ता लागला की दाजी इकडंतिकडं बघतात.

"मेव्हणेबुवा दिसत नाहीत ते?"

ताई रस्त्यावरची नजर हलवत नाही. "पुढच्या गाडीत बसलाय."

"असं होय." दाजी पुढं वाकून बघतात. पुढं कुणाचा तरी ट्रक जात असतो. "मग जरा जोरात घे ना. गाठू त्याला."

ताई अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय दाबते.